घरच्यांना नंबर नसतो

४ जून

प्रिय मामा,
सा. न.

निकाल बाबांनी तुला फोनवर सांगितलाच असेल. मेडिकलला पुरत नाहीत, डेंटलला पुरतात, असे मार्क. पहिल्या यादीत नाव आलंय. ३१ जुलैला चार वाजेपर्यंत प्रवेश पक्का केला नाही तर जागा पुढच्याला जाते.

बाबा म्हणतात, "तुझा निर्णय," आणि परत नकाशावर वाकतात. आयुष्यभर सरळ रेघा मारणाऱ्या माणसाला एक सरळ वाक्य बोलता येऊ नये? दोन दिवसांनी जेवताना एवढंच म्हणाले, "मामाचा दवाखाना पुढे कुणी चालवला तर बरं." शेजारच्या काकू म्हणतात, दातांचे डॉक्टर म्हणजे अर्धे डॉक्टर. मैत्रीण म्हणते, जन्मभर लोकांच्या तोंडाचा वास घेशील.

माझं कारण वेगळं आहे, आणि ते कुणाला सांगितलं तर हसतील. आई तुझ्याकडे यायची तेव्हा मी बरोबर असायचे. येताना ती गालाला हात लावून यायची आणि जाताना हसत जायची. चार मिनिटांत तू काय करायचास कोण जाणे. मला ते यायला हवं.

पण मी होऊ शकते का? हो की नाही, एवढंच लिही. उगाच गोड लिहू नकोस.

तुझी
ठकू


११ जून

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

"हो की नाही, एवढंच लिही." रोज वीस-पंचवीस माणसं मला हेच विचारतात, "काढायची की नाही?" आणि मी सगळ्यांना एकच उत्तर देतो: बघू. तुला भाची म्हणून सवलत नाही. बघू.

फोन का केला नाही, असं दाजी विचारतील. त्यांना सांग, दिवसभर मी ज्यांच्याशी बोलतो त्यांच्या तोंडात माझे दोन्ही हात असतात. त्यांच्या "आँ"ला "हो" समजायची मला खोड लागली आहे. फोनवर तू "हं" म्हणशील आणि मी तुला कॉलेजात घालून मोकळा होईन. कागदावर तसं होत नाही.

आमच्या शास्त्रीबुवांनी छडीच्या जोरावर एक गोष्ट डोक्यात बसवली: आपलं मत मांडायचं तर आधी समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडावी. तेव्हा आधी पूर्वपक्ष.

एक. तीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडात वाकून माझी मान गेली. मागून कुणी हाक मारली तर मी ट्रकसारखा सगळाच्या सगळा वळतो.

दोन. तुला बघून कुणाला आनंद होणार नाही. न्हाव्याकडे माणूस शीळ घालत जातो. आपल्याकडे येतो तो तीन रात्री जागून, सगळ्या आळीचे उपाय करून, आणि आल्यावर पहिलं वाक्य म्हणतो, "आता दुखत नाहीये, जाऊ का?"

तीन. काकूंचा मुद्दा. अर्धे डॉक्टर हे खरंच. पण त्यांची दाढ ठणकेल तेव्हा त्यांना विचार, अर्धा पुरेल का. "दन्तशूले समुत्पन्ने दन्तवैद्यो महेश्वरः।" ग्रंथात शोधू नकोस, आत्ताच रचला. वृत्तात बसतो, एवढंच त्याचं मोठेपण.

उत्तरपक्ष मात्र मी मांडणार नाही, तो तू मांड. तुमच्याकडे कुणी दाताचा बरा डॉक्टर असेल तर परवानगी काढ आणि पंधरा दिवस त्याच्या दवाखान्यात उभी राहा. कशालाही हात लावू नकोस. फक्त बघ, आणि काय दिसलं ते मला लिही. रक्त बघून चक्कर आली हे मात्र कळवू नकोस. ती सगळ्यांना येते. मी पहिल्या वर्षी एका निवृत्त हवालदाराच्या मांडीवर पडलो होतो. त्यानेच मला पाणी पाजलं आणि स्वतःची दाढ न काढता घरी गेला.

दवाखाना कोण चालवणार याची चिंता तू करू नकोस. खुर्ची आहे ती, सिंहासन नाही.

आईबद्दल लिहिलंस ते वाचलं.

तुझा
मामा


२ जुलै

प्रिय मामा,
सा. न.

पंधरा दिवस सांगितले होतेस, मी अठरा दिवस उभी राहिले. चौकापलीकडे एक डॉक्टरीणबाई आहेत. साठीच्या, बुटक्या, स्टुलावर स्टूल ठेवून बसल्यासारख्या दिसतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "उभी राहा, पण माझ्या उजेडात येऊ नकोस." चक्कर आली. कळवत नाही.

काय काय पाहिलं! एक आजोबा कवळी रुमालात बांधून आले आणि म्हणाले, "ही माझी नाहीच. कुणाची तरी बदलून आली." बाई म्हणाल्या, "आजोबा, गेल्या वेळी तुम्ही जावयाबद्दल हेच म्हणालात." एक पाच वर्षांचा मुलगा त्यांच्या बोटाला कडकडून चावला. त्यांनी हात मागे घेतला नाही, तसंच धरून त्याच्याशी बोलत राहिल्या, तो सोडेपर्यंत. मला ड्रिलचा आवाज आता ऐकूच येत नाही. वासाचंही काही नाही, दोन दिवसांत नाक शहाणं होतं.

पण एक गोष्ट दिसली, ती तुला सांगायची आहे. बरोबर आहे का सांग. माणूस खरं काय होतंय ते दारापासून खुर्चीपर्यंत चालताना सांगतो. पाच-सहा पावलं असतात. हातातली पिशवी कुठे ठेवू म्हणत, चपला काढत, कुणाकडे न बघता तो एखादं वाक्य टाकतो. मग तो बसतो, बाई म्हणतात, "आ करा," आणि त्यानंतर त्याला बोलता येत नाही. पुढे फक्त डॉक्टर बोलतो. एक बाई चालताना म्हणाली, "झोपेतून उठले की जबडाच उघडत नाही." बसल्यावर नुसतं दाढेकडे बोट केलं. डॉक्टरीणबाई हत्यारांच्या पेटीत काहीतरी शोधत होत्या, त्यांनी ते ऐकलं नव्हतं. मी भीत भीत सांगितलं. त्यांनी दाढेला हातच लावला नाही. म्हणाल्या, "ही रात्री दात खाते," आणि माझ्याकडे बघून स्टूल सरकवलं. त्या दिवसापासून मी बसते.

घरी येताना मला आई आठवली. तीसुद्धा चालतानाच बोलायची. मला ते वाक्य अजून पाठ आहे: "दात नाही रे दुखत, जिभेला कडेला टोचतंय काहीतरी." आणि तू म्हणायचास, "तू डॉक्टर की मी? बस गप." आम्ही तिघंही हसायचो. मग तू दाढ घासायचास आणि तिला बरं वाटायचं. दोनदा तरी असं झालं, की तीनदा?

मामा, मला आवडतंय हे. आता तरी हो म्हण.

तुझी
ठकू


८ जुलै

चि. ठकूस आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

तू उत्तर मागितलं होतंस, ते देतो. नाही. हा धंदा तुझ्यासाठी नाही. तुझा हात दाजींसारखा स्वच्छ आहे, तू आराखडे काढ, घरं बांध. बांधलेलं घर रात्री ठणकत नाही. जागा सोडून दे. लवकर सोडलीस तर पुढच्या मुलाचं भलं होईल.

डॉक्टरीणबाईंना नमस्कार.

मामा


१३ जुलै

मामा,

नाही तर नाही. पण कारण?

तू माझ्या शाळेतल्या निबंधावरसुद्धा दोन पानं टीका लिहायचास. "बैल" या विषयावर मी दहा ओळी लिहिल्या होत्या आणि तू "बैलाची बाजू कुठे आहे?" म्हणून पत्र पाठवलं होतंस. आणि आता सहा ओळी? त्यात एक विनोद नाही, एक श्लोक नाही. बाबांना दाखवलं. ते कागदाची घडी घालत म्हणाले, "त्याला बरं नसेल."

मी काय चुकीचं पाहिलं तिथे? लहान तोंडी मोठा घास घेतला का मी, पेशंटचं बोलणं डॉक्टरला ऐकवून? की दवाखाना दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरलंय आणि मी मधे येतेय? तसं असेल तर तसं लिही, मी काही तुझ्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेली नाही.

२२ तारखेपर्यंत वाट बघते. तू कारण लिहिलं नाहीस तर कॉलेजात जाऊन जागा सोडल्याचा अर्ज देते. तुझा शब्द मी मोडणार नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून तर विचारतेय.

ठकू


१७ जुलै

चि. ठकू,

अर्ज देऊ नकोस. आधी हे वाच. दाजी घरात असतील तेव्हा वाच.

तीनदा. तुझी आई तुला घेऊन माझ्याकडे दहा महिन्यांत तीनदा आली.

पहिल्यांदा आली तेव्हा बाहेर बाकावर सात माणसं होती. घरच्यांना नंबर नसतो. मी तिला दोन पेशंटांच्या मधे आत घेतली. तिचं नाव लिहिलं नाही, कागद केला नाही. खालच्या डाव्या दाढेला बारीकसं टोक आलं होतं. घासलं. तू म्हणतेस तशी चार मिनिटं.

आता अनोळखी माणूस आला की मी काय करतो ते सांगतो. कागदावर नाव, वय, तक्रार त्याच्याच शब्दांत. मग दात. मग जीभ कापडाच्या पट्टीत धरून बाहेर ओढतो, दोन्ही कडा बघतो, खालची बाजू बघतो, बोटाने चाचपतो. सगळ्यांचं करतो. भाजीवाल्याचं केलं आहे. मला कोर्टात खेचणाऱ्या घरमालकाचंही केलं आहे, आणि नीट केलं आहे. ताईचं केलं नाही. ती ताई होती. तिचं तोंड मला माहीत आहे असं मला वाटत होतं. दाढेला टोक दिसलं, जिभेला टोचतं म्हणते, जुळलं. शितावरून भाताची परीक्षा. संस्कृतात याला स्थालीपुलाकन्याय म्हणतात. शास्त्र येत असलं की चूकसुद्धा सुभाषितासारखी दिसते.

जिभेची जखम टोक काढल्यावर दोन आठवड्यांत भरली नाही तर तिचा तुकडा तपासायला पाठवायचा. शेवटच्या वर्षाचा ढ मुलगाही हे सांगेल. ताई दुसऱ्यांदा आली तेव्हा पाच महिने झाले होते. तिसऱ्यांदा आली तेव्हा घासायला टोकच उरलं नव्हतं. मी तरीही मशीन फिरवलं, कारण त्याने तिला बरं वाटायचं. तिला बरं वाटायचं की मला, हे आता कुणाला विचारू?

चौथ्यांदा ती तोंडाला रुमाल धरून आली. तू तेव्हा शाळेत होतीस. त्या दिवशी मी पहिल्यांदा बहिणीची जीभ ओढून पाहिली.

तुला सगळ्यांनी सांगितलं, आईला घशाचा कॅन्सर होता. तो जिभेचा होता. "घशाचा" हा शब्द माझा. नातेवाइकांना फोन मीच करत होतो ना. पहिल्याच फोनवर तोंडातून तो निघाला आणि पुढे तोच चालला. घसा माझ्या हद्दीत येत नाही.

आता त्या "नाही"चं कारण. तू म्हणालीस, मी काय चुकीचं पाहिलं. काहीच नाही. तू दारापासून खुर्चीपर्यंतची पावलं पाहिलीस. मला ती तीस वर्षांत दिसली नाहीत. तू उत्तम डॉक्टर होशील, हे तुझं पत्र वाचून पहिल्या पानावर कळलं. दुसऱ्या पानावर ताईचं वाक्य होतं. तेव्हा हेही कळलं, की कॉलेजात तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका संध्याकाळी तू एक पुस्तक उघडशील, त्यात जिभेच्या कडेचं चित्र असेल, खाली दोन ओळी असतील, आणि तुला सगळं समजेल. मी समोर नसताना. तेवढं टळावं म्हणून मी तुझं सगळं आयुष्य दुसरीकडे वळवायला निघालो होतो. दुसऱ्यांदा तेच केलं, बघ. ऐकलं, आणि "बस गप" म्हटलं.

हो. तू होऊ शकतेस. पण आता ते "हो" माझ्याकडून घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

मामा


२५ जुलै

प्रिय मेहुण्यास,

ठकूने तुझं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि आत गेली. मला लिहिण्याची सवय नाही, तेव्हा थोडक्यात.

मला माहीत होतं. मोठ्या इस्पितळातल्या सर्जनने पहिल्याच दिवशी विचारलं, "आधी कुणाला दाखवलं होतं?" तुझी ताई म्हणाली, "कुणालाच नाही." त्याने तिला माझ्यादेखत झापलं. अडाणी म्हणाला. ती ऐकून घेत होती. घरी येताना रिक्षात तुझ्याबद्दल मला म्हणाली, "त्याला यातलं काही कळू देऊ नका. काम करताना त्याचा हात थरथरेल. बाहेर बाकावर माणसं बसलेली असतात." पुढे बोलणं बंद झालं तेव्हाही वहीत तेच लिहून दाखवलं. वही माझ्याकडे आहे. तुला दाखवणार नाही.

सात वर्षं तू येतोस, जेवतोस, गमती सांगतोस आणि मी हसतो. ते हसणं कसं होतं ते माझं मला माहीत. तुला माफ केलंय असं समजू नकोस. केलं नाही असंही समजू नकोस. मी तिकडे वळलोच नाही.

आमच्या कामात पूर्वी नकाशावर चुकीची रेघ पडली की ब्लेडने खरवडायचो. शाई जायची, पण कागद तिथे पातळ व्हायचा. त्यावरून परत रेघ ओढली की शाई फुटायची. म्हणून जुने लोक सांगायचे, खरवडलेल्या जागी परत जाऊ नये. तू गेलास. बरोबर केलंस की नाही, मला सांगता येत नाही.

पोरगी सहा दिवस माझ्याशीही बोललेली नाही. "तुम्हालाही माहीत होतं?" एवढंच विचारलं, मी मान हलवली. डॉक्टरीणबाईंकडे मात्र रोज जाते. ३१ तारीख आली. मी विचारत नाही.

दाजी


६ ऑगस्ट

मामांस नमस्कार.

३१ तारखेला पावणेचार वाजता प्रवेश पक्का केला. खिडकीतला कारकून म्हणाला, "एवढा वेळ कुठे होतात?" मी सकाळी अकरापासून समोरच्या कट्ट्यावर बसले होते.

तुमचं "हो" मी घेतलेलं नाही. जे कारण घेऊन मी निघाले होते, ते आता माझ्याकडे नाही. आई हसत जायची, ही माझ्याजवळची आईची सगळ्यात चांगली आठवण होती. आता ती दिसली की मी तिच्या तोंडाकडे बघते. तुम्ही मला खरं सांगितलंत हे चांगलं केलंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना नावं न घेता सांगितलं होतं. त्यांनी बराच वेळ हात धुतले आणि मग म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचा कागद मीही कधी केलेला नाही." दुसऱ्या दिवशी केला.

जागा सोडणं सोपं होतं. सोडली असती तर तुम्ही आणि बाबा दोघांनी मिळून जे झाकलं, त्यात मीही पाय आखडून बसले असते. म्हणून घेतली. आवडतंय की नाही, ते आत्ता मला सांगता येणार नाही. पहिल्या दिवशी वर्गात सगळ्यांना विचारलं, इथे का आलात. एकजण म्हणाला, मेडिकल हुकलं म्हणून. मीही तेच सांगितलं.

तुमचा दवाखाना माझ्यासाठी ठेवू नका. मी तिथे काम करणार नाही. विकायचा तर विका. आणि सध्या पत्र लिहू नका. राग आहे, पण तेवढंच नाही. तुम्ही लिहिलंत की मी हसेन, आणि मला अजून हसायचं नाहीये. मी लिहीन तेव्हा लिहीन.

बाबांची वरची दाढ दोन महिने दुखत होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर तुमच्याकडे यावं लागेल म्हणून. परवा मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "अगं, तुझे बाबा ना? मधेच घेते, या." मी नको म्हटलं. वहीत नाव लिहिलं, नंबर घेतला. सतरावा होता. आम्ही बाकावर बसलो. बाबा दोनदा उठून चालायला लागले, दोनदा हाताला धरून बसवलं. अडीच तासांनी हाक आली. ते मुकाट्याने आत गेले, खुर्चीत बसले आणि आ केला. मी त्यांना उठवलं, परत दारापर्यंत नेलं आणि म्हटलं, "आता चालत या, आणि काय होतंय ते सांगा."

तिसऱ्या पावलाला थांबून ते बोलायला लागले. खूप वेळ बोलले. दाढेबद्दल थोडंच होतं. बाहेर अजून पाच माणसं होती, पण डॉक्टरीणबाईंनी दिवा लावला नाही, आणि मीही बाबांना बसा म्हटलं नाही.

ठकू